तुटून अडकलेलं ड्रिल जॉब खराब न करता कसं काढायचं?

शिरोली_शॉपफ्लोअर

नमस्कार मंडळी. जॉब (मशीनवरचा भाग) एलएम-२५ या मिश्रधातूचं ओतीव ॲल्युमिनियम हाउसिंग आहे. बाकी सगळं मशीनिंग झालंय, हे शेवटून दुसरं ऑपरेशन. तेलासाठी ५ मिमीचं बंद भोक, ३८ मिमी खोल. २९ मिमीवर एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल तुटलं. तुकडा तोंडापासून ११ मिमी आत आहे, म्हणजे साधारण १८ मिमी लांब. ड्रिलवर सोनेरी टिन (TiN, टायटॅनियम नायट्राइड) कोटिंग होतं.

मागून पंच घालायला वाट नाही. बाजूला ८ मिमीवर दुसरं तेलाचं भोक आहे, त्यामुळे मोठं भोक करून प्लग मारायलाही जागा नाही. हाउसिंगमध्ये दोन स्टीलच्या डॉवेल पिना (जुळणी अचूक बसवायच्या खुंट्या) ठोकलेल्या आहेत. सुपरवायझरसाहेब म्हणतात, गॅसने तापवून ड्रिल मऊ करा आणि त्यातून दुसरं ड्रिल मारा. ओतीव जॉब जादा शिल्लक नाही. काय करावं?

बेंचफिटर

आधी थांबा. त्या भोकात दुसरं ड्रिल घालू नका आणि वरून पंचही मारू नका. एचएसएस ६२ ते ६५ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) असतं. त्यावर एचएसएस ड्रिल टेकवलं की ते घसरतं आणि शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. भोक अंडाकृती झालं की जॉब गेलाच. पंचाने तुकडा खाली दाबला जातो आणि चिपा (कापलेला कीस) आणखी घट्ट होतात.

तुटलेलं ड्रिल मुळात अडकतं कशाने? आटे पाडायच्या टॅपसारखे त्याला आटे नसतात. दोन्ही फ्लूटमध्ये (ड्रिलच्या पिळदार खाचांमध्ये) ठासून बसलेल्या चिपा त्याला धरून ठेवतात. म्हणून पहिला अर्धा तास ड्रिलवर नाही, चिपांवर घालवा.

भोकात रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवा. ०.८ मिमीच्या पियानो वायरच्या टोकाला बारीक आकडा करून दोन्ही फ्लूटमधला कीस वर ओढून काढा. मग भोकाच्या तोंडावर फडकं धरून बारीक नळीने हवा मारा. गॉगल घालूनच, कारण त्यातून उडालेली चिप सरळ डोळ्याकडे येते. नंतर जॉब तोंड खाली करून धरा आणि नायलॉनच्या हातोडीने भिंतीवर हलके ठोके द्या. बऱ्याचदा इथेच तुकडा खाली पडतो.

पडला नाही तर दोन दातांची किल्ली बनवा. ४.७ मिमीचा सिल्व्हर स्टील रॉड घ्या, टोकाला घासून समोरासमोर दोन दात ठेवा, जे दोन फ्लूटमध्ये ३-४ मिमी खाली उतरतील. लाल करून पाण्यात बुडवून कडक करा आणि मग निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवून कडकपणा थोडा उतरवा, नाहीतर दात काचेसारखे तुटतील आणि एकाचे दोन तुकडे आत होतील. फ्लूट उजवे असतात, म्हणून किल्ली घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची आणि फिरवतानाच वर ओढायची. जोर फक्त बोटांचा. टॅप रेंच लावायचा नाही. तुकडा जागचा थोडा जरी हलला तरी मागेपुढे करत, मध्ये मध्ये रॉकेल आणि हवा देत राहा.

जॉब ॲल्युमिनियमचा आहे हा फायदा आहे. ४ मिमीचं निओडायमियम चुंबक पितळी सळईला चिकटवून आत सोडलं तर ते फक्त ड्रिल पकडेल. पण चुंबक सुट्या झालेल्या तुकड्यासाठीच आहे, अडकलेला तुकडा त्याने येणार नाही.

व्हीएमसी_सेटर

गॅसचं तेवढं अजिबात करू नका. हा सल्ला जुन्या कार्बन स्टीलच्या टॅप-ड्रिलच्या काळातला आहे. कार्बन स्टील लाल करून राखेत सावकाश थंड केलं की मऊ होतं. एचएसएस तसं नाही. ते हवेत थंड होतानाच कडक होतं. मऊ करायचं तर ८५० अंश सेल्सियसच्या वर नेऊन भट्टीतच तासन् तास, हळूहळू उतरवावं लागतं. आणि तुमचं एलएम-२५ तर ६०० च्या आसपास वितळून मोकळं होईल. त्याच्या कितीतरी आधी बोअर वाकडे होतील आणि हीट ट्रीटमेंट केलेली असेल तर तीही जाईल.

शिरोली_शॉपफ्लोअर

बेंचफिटर दादा, दोन दातांची किल्ली करून बघितली. चिपा बऱ्याच निघाल्या, पण तुकडा हललाच नाही. तोंडाकडून पाहिलं तर फ्लूटमध्ये ॲल्युमिनियम वितळून चिकटल्यासारखं दिसतंय.

पितळकाम

मग तो चिकटलेला थर आहे, नुसत्या जोराने सुटणार नाही. तुमच्या जॉबला तुरटी लावा. घड्याळवाले पितळी प्लेटमधला तुटलेला स्क्रू काढतात तीच पद्धत. तुरटीचं गरम पाणी हलकं आम्लधर्मी असतं, ते लोखंड-स्टील खातं. ॲल्युमिनियम आणि पितळ जवळजवळ तसंच राहतं.

पण आधी नियम, कारण इथेच लोक चुकतात. बिडाच्या किंवा स्टीलच्या जॉबला हे चालत नाही, ड्रिलबरोबर जॉबही खाल्ला जाईल. जस्ताचं डायकास्टिंग आणि मॅग्नेशियम यांनाही नाही. तुमच्या दोन डॉवेल पिना आधी काढा, त्याही स्टीलच्या आहेत. पिन बंद भोकात ठोकलेली असेल आणि निघत नसेल तर तो भाग द्रावणाच्या पातळीच्या वर राहील असा जॉब टांगा.

सर्वात आधी तेल काढा. भोकात रॉकेल गेलंय, ते राहिलं तर द्रावण ड्रिलला लागणारच नाही. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा ॲसिटोनने दोन-तीन वेळा धुवा, मग भांड्याच्या साबणाने. कॉस्टिक सोडा हात लावायचा नाही, तो ॲल्युमिनियम खातो.

भांडं काचेचं, एनॅमलचं किंवा ३०४ स्टेनलेसचं. लोखंडी कढई चालणार नाही, ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. किराणा दुकानातली साधी पोटॅश तुरटी खलबत्त्यात कुटा. १ लिटर पाण्याला ३५० ते ४०० ग्रॅम. पाणी ८०-८५ अंशांवर ठेवा, पूर्ण विरघळते. खळखळ उकळू नका, नुसतं पाणी उडतं आणि द्रावण घट्ट होतं. पातळी खाली गेली की गरम पाणीच घाला.

जॉब कसा टांगता यावर निम्मं काम अवलंबून आहे. भोकाचं तोंड खाली असेल तर हायड्रोजनचे बुडबुडे आत अडकतात आणि द्रावण ड्रिलपर्यंत पोहोचत नाही. एकदम सरळ वर असेल तर काळा गाळ तळाशी बसतो आणि ड्रिल झाकून टाकतो. जॉब तिरका टांगा, तोंड थोडं वर. दर तासाला सिरिंजला लांब सुई लावून भोकात गरम द्रावण जोरात मारा म्हणजे गाळ बाहेर येईल. ड्रिलच्या टोकावरून बारीक बुडबुडे सतत येत असतील तर काम चालू आहे. बुडबुडे थांबले तर एकतर गाळ साचलाय किंवा द्रावण मेलंय. नवं करा.

शिरोली_शॉपफ्लोअर

साहेब, दोन शंका. टिन कोटिंगला तुरटी लागेल का? आणि वेळ किती?

पितळकाम

कोटिंगला लागत नाही, पण तुटलेला पृष्ठभाग उघडा आहे. तिथून आत शिरतं. घासलेली धार असेल तर तिथूनही.

वेळेचं म्हणाल तर १ मिमीची पिन काही तासांत जाते. तुमचा १८ मिमी लांब तुकडा, त्यात वरच्या टोकाकडूनच खाणार, म्हणजे एक-दोन दिवस धरा. पण पूर्ण विरघळायची गरज नाही. ड्रिल कडांनी थोडं बारीक झालं की भिंतीची पकड सुटते. दर पाच-सहा तासांनी काढून किल्लीने हलवून बघा.

रात्री हीटर बंद करून जॉब द्रावणात सोडून जाऊ नका. थंड झालं की तुरटीचे खडे भोकात आणि इतर आट्यांमध्ये जमतात. जॉब बाहेर काढा, लगेच गरम पाण्याने धुवा, हवेने वाळवा. सकाळी द्रावण पुन्हा तापवा.

गॅसच्या शेगडीऐवजी इलेक्ट्रिक हॉटप्लेट वापरा आणि खिडकी उघडी ठेवा, हायड्रोजन निघतो. मशीन केलेला पृष्ठभाग किंचित काळपट-मंद पडतो. दिसणारा भाग असेल तर त्याच ओतीव मालाचा एखादा कापलेला रायझर (ओतकामात उरणारा जादा भाग) आधी चार तास टाकून बघा.

शेवटी काळी पूड राहील, ती एचएसएसमधल्या टंगस्टन-मॉलिब्डेनमची, तुरटीत जात नाही. ब्रशने निघते.

स्पार्क_इरोजन

घाई असेल तर स्पार्कवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं ईडीएम मशीन) द्या. हाउसिंग टेबलावर बसत असेल तर ५ मिमीच्या ड्रिलला ३ मिमीची तांब्याची किंवा पितळेची पोकळ नळी, आतून पाणी. मधला गाभा जळतो, दोन बाजूंच्या पट्ट्या सुट्या होतात, त्या चिमट्याने निघतात. पूर्ण ५ मिमीचा इलेक्ट्रोड लावू नका, ठिणगी भिंतीवर जाऊन भोक मोठं होतं.

दोन गोष्टी सांगतो. हातात नेण्याचं टॅप रिमूव्हर मशीन चुंबकी बैठकीवर उभं राहतं, ॲल्युमिनियमवर ती धरत नाही. जॉब जाड स्टील प्लेटवर क्लॅम्प करा आणि बैठक प्लेटवर. आणि इलेक्ट्रोडही झिजतो, म्हणून डायलवरची खोली खरी मानू नका. दर थोड्या वेळाने थांबून तारेने खोली मोजा. बंद भोकात तळ ओलांडून खाली गेलात तर पलीकडचं तेलाचं गॅलरी भोक फुटू शकतं.

भोसरी_टूलरूम

धाग्यात माझा प्रश्न घुसवतो. ईएन-२४ या मिश्र स्टीलचा हार्डन-टेंपर केलेला शाफ्ट, एम-१० आट्यांसाठी ८.५ मिमीचं एचएसएस ड्रिल तुटलंय, भोक २५ मिमी खोल, तुकडा भोकाच्या तोंडाशी जवळजवळ समपातळीत. इझी-आऊट (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) मारला तर?

बेंचफिटर

नाही. इझी-आऊट तुटलेल्या बोल्टसाठी आहे. त्याला आधी मध्यभागी भोक लागतं, आणि एचएसएसमध्ये तुम्ही ते भोक पाडणार कशाने? शिवाय इझी-आऊट स्वतः कडक आणि ठिसूळ. तो आत तुटला तर ड्रिलपेक्षा वाईट. वर नट ठेवून वेल्ड करायचा उपायही बोल्ट-स्टडलाच, एचएसएसवर वेल्ड टिकत नाही, तडा जाऊन नट सुटून हातात येतो.

व्हीएमसी_सेटर

भोसरीवाले, तुमचा तुकडा मिलिंगने काढता येतो, पण मशीन दणकट पाहिजे. पिलर ड्रिलवर किंवा हँडड्रिलवर प्रयत्नही करू नका, कंपनाने कार्बाइडचा (टंगस्टन कार्बाइड, फार कडक पण ठिसूळ) कटर लगेच तुटतो.

शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये, दोन क्लॅम्प. डायल इंडिकेटरने भोकाचं सेंटर काढा, प्रिंटवरच्या मापावर विसंबू नका, ड्रिल तुटताना भोक थोडं सरकलेलं असू शकतं. कटर ६ मिमीचा, मध्यभागी कापणारा कार्बाइड एंडमिल, कडक स्टीलसाठी कोटिंग असलेला, शक्य तितका आखूड. ८.५ च्या भोकात ६ मिमी घेतला की दोन्ही बाजूंना सव्वा मिमी कवच राहतं आणि भिंतीला धक्का लागत नाही.

२५ मीटर प्रति मिनिट धरा, म्हणजे साधारण १,३०० आरपीएम. खाली सरकण्याचा वेग १० ते १५ मिमी प्रति मिनिट. कूलंट नको, फक्त हवा. कूलंटमुळे कार्बाइड गरम-थंड होऊन तडकतं आणि चिपाही चिखलासारख्या आत राहतात. तुटलेलं टोक वाकडं असतं, म्हणून पहिले २ मिमी निम्म्या वेगाने, टोक सपाट होईपर्यंत. नंतर दर १ मिमीला वर येऊन हवा मारा. एचएसएसचे सुटलेले दाणे कटरखाली परत आले की कार्बाइडची धार उडते. या कामात कटर तुटण्याचं मुख्य कारण हेच.

आवाज ऐका. सलग घरघर बरी. कटकट आवाज आला की लगेच वर घ्या, तुकडा सुटून फिरायला लागलाय. अशा वेळी चुंबकाने तो उचला, त्यावरच दाबत राहू नका.

भोसरी_टूलरूम

आणि ड्रिल सॉलिड कार्बाइडचं असतं तर?

स्पार्क_इरोजन

तर कार्बाइडने कार्बाइड कापायचा विचार सोडा. स्पार्क चालतो, कारण टंगस्टन कार्बाइड कोबाल्टने बांधलेलं असल्याने वीज वाहून नेतं. इलेक्ट्रोडची झीज मात्र जास्त, कॉपर-टंगस्टन घ्या. तुरटी कार्बाइडवर उपयोगाची नाही.

दुसरा रस्ता फोडायचा. कार्बाइड ठिसूळ असतं. भोक अजून फिनिश नसेल, जॉब जाड असेल, तर टोकदार कडक पंचाने मध्यावर छोटे छोटे ठोके. चिरा पडून दाणे सुटतात, ते हवेने आणि व्हॅक्यूमने काढायचे. चुंबकावर भरवसा ठेवू नका, कार्बाइड फार कमी चिकटतं. पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड, हातमोजे आणि भोकावर ओलं फडकं. हे ॲल्युमिनियममध्ये करू नका, कार्बाइडचे दाणे भिंतीत रुतून बसतात आणि पुढचा रीमर त्यांच्यावर मोडतो.

बीड_ओतकाम

बिडाचं वेगळं सांगतो. बिडात लांब चिप नसते, काळा भुगा असतो आणि तो कोरडाच फ्लूटमध्ये दाबला जातो. म्हणून तेल ओतू नका, तेलाने भुगा पेस्ट होऊन सिमेंटसारखा बसतो. कोरडी हवा, वरून टोकदार सुई, परत हवा. बिडात ६ मिमीपर्यंतचं एचएसएस पंचाने तोडून काढता येतं, कारण भिंत कडक असल्याने तुकडे रुतत नाहीत. पण भोकाच्या तोंडाची कडा ठिसूळ असते, पंच कडेवर टेकला तर कपची उडते. मध्यावरच ठोका.

मागची बाजू मोकळी असेल आणि नकाशा परवानगी देत असेल तर मागून ४ मिमीचं भोक पाडून, ड्रिलच्या टोकाला पिन पंच लावून वर ढकलणं सर्वात स्वच्छ. नंतर ते मागचं भोक प्लगने बुजवायचं. पण आधी ग्राहकाची लेखी परवानगी घ्या, दाबाचा जॉब असेल तर प्लगची गळती चाचणीही लागेल.

बेंचफिटर

ड्रिल निघालं म्हणजे काम संपत नाही, तेही लिहून ठेवतो. भोकाच्या तळाला एक कणही राहिला तरी दुसरं ड्रिल त्याच जागी तुटतं. चुंबक, हवा, मग बोअरस्कोप. कॅमेरा नसेल तर बारीक एलईडी आणि आरसा. पुढे लगेच ११८ अंश टोकाचं साधं ड्रिल घालू नका, टोकाशी राहिलेला तुकडा त्याला बाजूला ढकलतो. आधी बरोबर मापाचा एंडमिल तळापर्यंत एकदा घालून तळ सपाट करा.

स्पार्कने काढलेल्या भोकात भिंतीला पांढरा कडक थर येऊ शकतो. त्यावर टॅप मारला तर टॅप झिजतो किंवा तुटतो. भोक बिघडलंच आणि आजूबाजूला जागा असेल तर मोठं करून आट्यांचं इन्सर्ट टाका. एम-१० गुणिले १.५ च्या वायर इन्सर्टला साधारण १०.४ चं ड्रिल लागतं, पण इन्सर्ट बनवणाऱ्याचा तक्ता बघूनच ठरवा.

व्हीएमसी_सेटर

शिरोलीवाले, हे पुढच्या जॉबला होऊ नये म्हणून तुमचा प्रोग्राम बघायला हवा. ५ मिमीला ३८ खोल म्हणजे साडेसात पट व्यास. ५ पटीच्या पुढे साधं ड्रिल सरळ घातलं की चिपा अडकणारच. जी-८३ वापरताय की जी-७३ (टप्प्याटप्प्याने भोक पाडायच्या सीएनसी प्रोग्राममधल्या आज्ञा)? जी-७३ मध्ये ड्रिल थोडंसंच मागे येतं, चिप तुटते पण भोकातच राहते. ॲल्युमिनियमच्या खोल भोकाला जी-८३ द्या, म्हणजे ड्रिल दर टप्प्याला पूर्ण बाहेर येतं.

मी असं करतो: पहिले १५ मिमी एका टप्प्यात, मग ५-५ मिमी, २५ च्या खाली अडीच-अडीच. ३,८०० आरपीएम, ०.१ मिमी प्रति फेरी. शक्य असेल तर पॅराबोलिक फ्लूटचं ड्रिल, त्याची नाळ रुंद असते.

आणि टिन कोटिंग ॲल्युमिनियमला नको. टिनमध्ये टायटॅनियम आहे, ॲल्युमिनियम त्याला चिकटतं, फ्लूट भरतो. तुम्ही वितळल्यासारखं दिसतंय म्हणालात ते हेच. साधं चकचकीत पॉलिश फ्लूटचं अनकोटेड ड्रिल घ्या, कूलंट भरपूर, नळी थेट भोकाच्या तोंडावर. कूलंट नसलेल्या मशीनवर ब्रशने रॉकेल. कॉलेटमध्ये ड्रिल बसवून रनआऊट (फिरताना टोकाचं डोलणं) बघा, लांब बारीक ड्रिलला ०.०३ मिमीच्या आत.

शिरोली_शॉपफ्लोअर

जी-७३ च होतं. बदललं. डॉवेल पिना पुलरने काढल्या, तुरटी लावली, ८२ अंशांवर ठेवली. पहिल्या सहा तासांत काहीच वाटलं नाही. सिरिंजने गाळ काढल्यावर बुडबुडे पुन्हा जोरात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ली दोन दातांवर बसवून उलटी फिरवली आणि तुकडा सुटला. लांबी १६ मिमी, फ्लूटच्या कडा बारीक झालेल्या. भोक ५.०४ मोजलं. पृष्ठभाग थोडा काळपट आहे, ग्राहकाकडून मान्यता घेतोय. तळात एक कण कॅमेऱ्यात दिसतोय, तो चुंबकाला येत नाही.

पितळकाम

मग तो कण बहुधा लोखंडाचा नाही, चिकटलेलं ॲल्युमिनियम असणार. एंडमिल घालताना जाईल. डॉवेलची भोकंही गरम पाण्याने आतून धुवा, तुरटी तिथे राहिली तर नव्या पिनांना गंज येतो.